वेशीबाहेरचा सरावपाठ

मसुऱ्याच्या मथुरा परबला लहानपणी घरात ‘कित्याक’ म्हणत. कित्याक म्हणजे का. भात झोडताना, पेजेला बसताना, बांगड्या भरताना पोरीच्या तोंडात हा एकच शब्द. कुर्ली वाकडी चालता ती कित्याक? बापूस जेवताना बोलना नाय तो कित्याक? आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसता, देवीक विचारून ठरवतत, ती कित्याक? शेवटी आवस पळी उगारून म्हणायची, “शिरा पडो तुज्या त्या कित्याकार! एक दिवस ह्याच तुका खंयतरी नडतला.”

आवशीचं बोलणं खरं झालं. पण मथुराला नडलं ते विचारल्यामुळं नव्हे. जन्मात एकदाच विचारायचं राहून गेलं, आणि तेच नेमकं नडलं.

तेव्हा सिंधुदुर्ग नावाचा जिल्हा नव्हता, सगळा कारभार रत्नागिरीचा. गोव्यात अजून पोर्तुगीज ठाण मांडून बसलेले. मालवणच्या बाजूला मास्तर घडवणारं एक अध्यापन मंदिर होतं. फायनल पास झालेली पोरं तिथं दोन वर्षं राहायची आणि गुरुजी होऊन बाहेर पडायची. पोरी थोड्या, हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच. मथुरा तिथं शिरली ती बापाशी कडाकडा भांडून. निघताना उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलून बसली, “मास्तरीण झाल्याबिगर ह्यो उंबरो परत ओलांडूचंय नाय!” बोलायला काय जातं! बापूसही तिचाच बापूस. तो म्हणाला, “बरा. बगूया.” आणि आत निघून गेला. हे ‘बगूया’ मथुराच्या कानात दोन वर्षं वाजत राहिलं.

अध्यापन मंदिरात एक छात्राध्यापक मंडळ होतं. छात्राध्यापक म्हणजे उद्याचे मास्तर, पण शब्द कसा भारदस्त! हे मंडळ दर शनिवारी टीकापाठ भरवी. एकानं पोरांच्या वर्गावर पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी मागच्या भिंतीला टेकून बसायचं, आणि पाठ संपला की पाठ घेणाऱ्याची साल काढायची. बाहेरगावच्या शाळांत सरावपाठ ठरवायचे, गाडीची सोय बघायची, ही कामंही मंडळाचीच. मथुराला चिटणीस केलं होतं. कारण एवढंच, की सभेत गप्प बसणं तिला जमत नव्हतं. मग निदान कामाला तरी लागू दे, असा सगळ्यांनी विचार केला.

या मंडळाच्या डोक्यावर आणखी एक मंडळ होतं, सल्लागार मंडळ. त्यात प्राचार्य, दोन जुने अध्यापक, आणि अध्यक्ष म्हणून निवृत्त डेप्युटी गणपतराव सामंत. सगळा मुलूख त्यांना दिपोटी म्हणे. बंद गळ्याचा कोट, काखेत छत्री, खिशात साखळीचं घड्याळ. शाळा तपासत त्यांचे पाय झिजले होते, पण आवाज जराही झिजला नव्हता. छात्रांचा एक प्रतिनिधी या सल्लागार मंडळात बसायचा. त्यानं बोलू नये, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. पण आजवर कोणी बोललाही नव्हता. त्या वर्षी प्रतिनिधी होता नांदगावचा महादू राणे.

महादू राणे म्हणजे मथुराच्या डोळ्यांतलं कुसळ. टीकापाठात हा उभा राहिला की तिची धडगत नसे. “परबबाईंचा पाठ अपूर्ण. फलकलेखन तिरपं. प्रश्न फार, उत्तरं कमी.” बोलणं मोजकं, आणि मेलं खरंही असायचं, हेच जास्त झोंबायचं! मथुराची गाडी सुरुवातीला झकास चालायची. मग एखादं पोर भलतंच काही बोलायचं, बाई थबकायच्या, “असं का रे वाटतं तुला?” म्हणून त्या पोराच्या मागं लागायच्या, पाठाचं टाचण टेबलावर तसंच राहायचं, आणि टोल वाजायचा. तिचे दोन मोठे पाठ असे अर्ध्यावर राहिले. सल्लागार मंडळानं तिला समोर उभं करून सांगितलं, “शेवटची संधी. बाहेरगावच्या शाळेत एक पाठ. अपूर्ण राहिला तर नाव कमी.”

त्या संध्याकाळी मथुरा विहिरीवर बसून रडली, अगदी हुंदके देऊन. मग तोंड धुऊन उठली आणि तयारीला लागली. विषय निवडला भूगोल, चौथी, ‘आपल्या गावाचा नकाशा’. गाव ठरलं आचऱ्याच्या अंगाला, खाडीकाठी. गावाचं नाव इथं घेत नाही. तिथली माणसं अजून हयात आहेत आणि भांडायला तयार असतात. तारीख ठरवायची होती चिटणिसानं, म्हणजे तिनंच. तिनं तिथल्या मुख्याध्यापकांना कळवलं, ते घाटावरचे, नवीनच आलेले. त्यांनी उलटटपाली होकार धाडला. झालं! मथुरा निर्धास्त झाली.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी सगळी वरात सर्व्हिस मोटारीतून फाट्यावर उतरली. पुढं दिपोटी छत्री टेकत, मागं प्राचार्य, त्यामागं छात्राध्यापक, आणि मथुरा गुंडाळलेला फळा काखेत घेऊन. रस्ता उतरत गावात शिरला, आणि सगळ्यांची पावलं आपोआप हळू झाली.

गावात कोणीच नव्हतं. कोणीच म्हणजे कोणीच. चुलीचा धूर नाही, कोंबडं नाही, कुत्रं भुंकत नाही. गोठे मोकळे. दारं ओढून घेतलेली. अंगणं मात्र स्वच्छ सारवलेली. शाळेला भलंमोठं कुलूप. देवळातसुद्धा चिटपाखरू नव्हतं.

“साथबीथ आली काय?” एक अध्यापक हळूच म्हणाले. कोणी हसलं नाही.

मथुरा घाबरली होती. तरी खोटं कशाला बोला, भीतीच्या जोडीला तिला भारी नवलही वाटत होतं. एवढं मोठं गाव, आणि नुसती पानांची सळसळ! ती एका अंगणात वाकून बघणार, इतक्यात पलीकडच्या माळावरून बाईची हाळी आली.

“अगो बायांनो, अरे बाबल्यांनो, भायर येवा! गाव पळालो आसा! जिताजागता कोण थंय रवाचा नाय!”

हाळी घालणारी म्हातारी हौसाबाई वेशीच्या दगडापलीकडं उभी होती. तिचा पाय काही वेशीच्या आत पडत नव्हता. तिनं तिथूनच सगळं सांगितलं. दर काही वर्षांनी रवळनाथाचा कौल होतो आणि अख्खा गाव घरदार सोडून वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, सगळी. तीन रात्री गाव एकट्या देवाचा. याला म्हणतात गावपळण. कौल झाला तो मागच्याच आठवड्यात. मास्तरांनी शाळेला कुलूप लावलं आणि ते सरळ घाट चढून आपल्या घरी गेले.

“म्हणजे तारीख तुम्ही मास्तरांना विचारली?” महादू राणे मथुराकडं वळून म्हणाला. “आणि देवाला कोण विचारणार होतं?”

मथुराला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. मसुऱ्याच्या आंगणेवाडीच्या अंगणात वाढलेली ती! देवाला विचारल्याशिवाय इथं गाव जत्रेलाही हलत नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत? आजूबाजूची गावं पळतात हेही तिनं लहानपणी ऐकलेलं. पण चिटणीस झाल्यावर ती शाळेची रीत शिकली होती: मुख्याध्यापकांचा होकार आला की तारीख पक्की. गावात कोणा मानकऱ्याला विचारावं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. आयुष्यभर ‘कित्याक’ विचारणारी बाई नेमकं ‘कधी’ विचारायला विसरली.

दिपोटींनी घड्याळ काढलं. “शाळा बंद. पाठ झाला नाही, अशी नोंद करू. चला परत.”

“साहेब,” मथुराच्या तोंडून निघून गेलं, “पाठ पोरांना द्यायचा की भिंतींना? पोरं तर पलीकडं आहेत.”

दिपोटींनी तिच्याकडं असं पाहिलं की प्राचार्यांनीच मान खाली घातली. मग ते पलीकडच्या माळाकडं बघू लागले. तिकडून तळणाचा वास येत होता आणि म्हातारा सकाळपासून उपाशी होता. “ठीक,” ते म्हणाले. “पण तासिका तासिकेएवढीच. आणि अपूर्ण म्हणजे अपूर्ण.”

वेशीबाहेर, माळाखालच्या वाळूच्या पट्ट्यावर सगळा गाव उतरला होता. माडाच्या झापांच्या खोपी, त्यांत चुली, डालग्यांखाली कोंबड्या, माडाला बांधलेली गुरं. बायका एकमेकींच्या चुलीपाशी बसून गजाली हाणत होत्या. वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊबंद शेजारी शेजारी खोपी घालून एकाच तपेल्यातली पेज जेवत होते. पोरांची तर चंगळच. मास्तरीण आली म्हटल्यावर अर्धी पळाली आणि उरलेल्यांनी त्यांना ओढून आणलं.

फळा टांगायला भिंत नव्हती. टाचणात पहिलंच वाक्य होतं, ‘शिक्षिका फळ्यावर नकाशा काढील.’ मथुरानं टाचण मिटलं, पदर खोचला आणि वाळूत बसली. “पोरांनो, तुमचा गाव तिकडं राहिला. मला तो नीट बघायला मिळाला नाही. तर माझ्यासाठी तो इथंच मांडा.”

सांगायचा अवकाश! पोरं तुटून पडली. काठीनं खाडी ओढली. गोल दगडाचा रवळनाथ झाला. ज्याच्या त्याच्या घराला शिंपली, विहिरीला खेकड्याचं बीळ, माडाच्या बागेला नारळाच्या सोडणांचे तुकडे. “माजा घर हयसर!” “नाय रे मेल्या, थंय आमची पाणंद!” मथुरा मध्ये मध्ये विचारत होती: सूर्य कुठून उगवला? मग देऊळ कुठल्या दिशेला? खाडी कुठून कुठं वाहते? पोरं चटाचटा सांगत होती. आवाज ऐकून आयाबापूस जमले आणि बघता बघता तेही घुसले. शिवा आणि गंगाराम हे दोन चुलतभाऊ मेरेच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, शिंपलीवरून हातघाईवर आले. एकानं शिंपली बोटभर इकडं सरकवायची, दुसऱ्यानं तिकडं. हौसाबाईनं दोघांच्या पाठीत एकेक गुद्दा घातला. आणि कहर म्हणजे, खुद्द दिपोटी छत्रीच्या टोकानं दाखवत म्हणाले, “छे, छे, वाट पिंपळावरून डावीकडं वळते. मी चाललोय त्या वाटेनं!” पोरांनी वाट पुसून डावीकडं वळवली.

मथुराच्या जिवात जीव आला. पहिल्यांदाच तिचा पाठ टोलाच्या आत संपणार होता.

दिपोटींनी घसा साफ केला. शेवटी पोरांना दोनतीन प्रश्न विचारून बघायचे, ही त्यांची जुनी सवय. “ईशान्येला काय?” “देऊळ!” “खाडीच्या काठानं चालत गेलं तर पहिलं घर कोणाचं?” “घाड्यांचा!” “छान. आता सांगा, तुमची शाळा कुठं आहे?”

 पोरं नकाशाकडं बघू लागली, मोठी माणसंही वाकून बघू लागली. शाळा नव्हती! मेलेल्या फणसाचं खोडसुद्धा मांडलेलं होतं, शाळा मात्र कोणी मांडली नव्हती. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, मास्तरीण व्हायला निघालेल्या मथुराच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

“घाला रे पटकन एक शिंपली,” मागून कोणीतरी कुजबुजलं. साधी गोष्ट होती. शिंपली ठेवायची, दिशा विचारायची, पाठ पूर्ण. मथुराला ते कळत होतं. दिपोटींच्या हातातलं घड्याळ दिसत होतं, बापाचं ‘बगूया’ ऐकू येत होतं. पण काय करणार, स्वभाव! ती पोरांकडं वळली आणि म्हणाली, “कित्याक? साळा कित्याक नाय घातलात?”

 मग आनंदी नावाची एक बारकी पोर, जी आतापर्यंत फक्त सोडणं पुरवत होती, ती बोलली.

“बाई, जेणी तेणी आपापला घर घातला. साळा कोणाचा घर?”

“अगो, पण साळा गावात आसा मां?”

“आसा. पण गाव पळताना वेशीर धोंडूआजा एकेका घराक हाक मारता. घाडी इले? परब इले? ‘इलंव’ म्हटल्यार मगे फुडचा घर. साळेक हाक मारल्यान नाय. साळेचा कोण नाय म्हणान.”

धोंडूआजा, गावचा म्हातारा मानकरी, तिथंच विडी ओढत बसला होता. त्यानं विडी विझवली. कोणी पोरीला दटावलं नाही, कारण ती खोटं बोलत नव्हती. मास्तर यायचे, सुट्टी लागली की जायचे, बदली झाली की नवे यायचे.   टाचणात याचं उत्तर नव्हतं, आणि मथुराकडंही नव्हतं. ती त्या पोरीपुढं वाळूत बसून राहिली.

दिपोटींनी घड्याळाचं झाकण लावलं. “वेळ संपली. पाठ अपूर्ण.”

सल्लागार मंडळ पालथ्या घातलेल्या होडीवर बसलं. छात्राध्यापक लांब उभे राहिले. मथुरा वाळूत बसून होती, मांडीवर गुंडाळलेला फळा. हौसाबाईनं न विचारता तिच्या हातात तांदळाचा घावणा ठेवला, तो तसाच राहिला. आता कुठल्या तोंडानं मसुऱ्याला जायचं?

होडीवर बोलणं फार झालं नाही. प्राचार्य हळहळले, अध्यापकांनी माना हलवल्या. दिपोटी लिहिणार, तेवढ्यात महादू राणे उभा राहिला.

“साहेब, मला बोलायचंय.”

“तुला कोणी बोलायला सांगितलं?”

“कोणी नाही, साहेब. पण बोलू नको असंही कोणी सांगितलेलं नाही.” महादूचे कान लाल झाले होते. “परबबाईंचा पाठ अपूर्णच आहे. फलकलेखन तर नव्हतंच.”

मथुरानं मनात त्याला जी शिवी घातली ती इथं सांगण्यासारखी नाही.

“पण साहेब, दोन वर्षं मी दर शनिवारी लोकांचे दोष काढतोय. शाळा कोणाची, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. आज एका पोरीनं विचारलं, आणि ते यांच्याच पाठात विचारलं. शिंपली ठेवून त्यांना मोकळं होता आलं असतं. मी असतो तर ठेवली असती.” तो थांबला, पुन्हा बोलला. “हा पाठ अर्ध्या तासात पूर्ण होणारा नव्हे. तो पूर्ण करायला इथं येऊन राहावं लागेल. तर मंडळाच्या वतीनं विनंती आहे, त्यांना तेवढा वेळ द्यावा.”

मागं उभ्या असलेल्या छात्राध्यापकांतून कोणीतरी, सवयीनं म्हणा की मुद्दाम म्हणा, देवाच्या गाऱ्हाण्यात म्हणतात तसं मोठ्यानं म्हणालं, “व्हय म्हाराजा!” आणि लगेच सगळ्यांनीच म्हटलं, “व्हय म्हाराजा!” खोपींतली माणसंही ओरडली, त्यांना काय मागणं चाललंय ठाऊक नव्हतं, पण गाऱ्हाणं म्हटलं की साथ द्यायचीच.

दिपोटी खाडीकडं वळले. कोण जाणे, किती गावांतल्या किती शाळा त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या असतील. मग त्यांनी मथुराला बोलावलं. “मुली, ‘अपूर्ण’ हा शेरा मी खोडणार नाही. पण नावही कमी करत नाही. पास झालीस की अर्ज याच गावासाठी करायचा. हा पाठ इथंच पूर्ण कर.”

मथुरा रडत रडत हसली आणि पाया पडायला वाकली. दिपोटी म्हणाले, “आधी तो घावणा खा. निवला.”

पुढच्या जूनमध्ये मथुराबाई मास्तरीण होऊन त्या गावात आल्या. येताना मसुऱ्याला उंबरा ओलांडला. बापूस “बरा झाला” एवढंच म्हणाला आणि मग परड्यात जाऊन बराच वेळ डोळे पुसत बसला. महादू राणे कणकवलीकडं मास्तर झाला. तो दर वर्षी एक कार्ड टाकी: “पाठ कुठवर आला?” मथुराबाई उलट लिहीत: “अपूर्ण. फलकलेखन मात्र सरळ.”

सगळं गोडीगुलाबीनं झालं असं नव्हे. पहिल्या पावसात शाळेचं छप्पर गळलं तर एक माणूस चढायला आला नाही. “सरकारचा घर, सरकार बगीत,” असं म्हणाले. बाईंनी स्वतः शिडी लावली, तेव्हा शिवा आणि गंगाराम लाजून आले, आणि मेरेवरून वर कौलांतच भांडले. पोरं शाळेत यायची, भात लावणीला गायब व्हायची. बाई शेतात जाऊन चिखलात उभ्या राहायच्या आणि पाढे म्हणून घ्यायच्या. सुट्टीतही त्या मसुऱ्याला दोन दिवसांवर टिकायच्या नाहीत. आणि ‘कित्याक’ काही सुटलं नव्हतं. आता ते सगळ्या शाळेला लागलं होतं. आयाबापूस वैतागून म्हणायचे, “बाई, पोरां घरात सुखान जेवक देनत नाय, सारखी ‘कित्याक’ इचारतत!”

चार वर्षांनी पुन्हा रवळनाथाचा कौल झाला. गोव्याकडं लढाईच्या बातम्या होत्या, पण गावात बोलणं एकच, गावपळणीचं. धोंडूआजा आता काठी घेऊन चालायचा. तो बाईंना म्हणाला, “बाई, तुमी मसुऱ्याक जावा हवा तर. तुमका काय बंधन नाय.” बोलला तो चांगल्या मनानं. पण बाईंच्या मनाला ते लागलं. चार वर्षं झाली, तरी आपण बाहेरच्याच?

त्या मसुऱ्याला गेल्या नाहीत. दुपारी गाव निघाला तेव्हा त्या रांगेच्या शेवटाकडं होत्या, मागं एकदोनच घरं. हातात शाळेचा पितळी टोल. तो कशाला घेतला, त्यांनाही सांगता आलं नसतं. ज्याचं त्याचं कोंबडं ज्याच्या त्याच्या काखेत होतं, तर यांच्या काखेत टोल. फळा आनंदीनं डोक्यावर घेतला होता.

वेशीच्या दगडाशी धोंडूआजा उभा होता. एकेक घर पुढं सरकत होतं.

“घाडी इले?”

“इलंव!”

“परब इले?”

“इलंव!”

रांग संपत आली. बाईंनी मनाशी ठरवलं होतं, खाली बघून गुपचूप दगड ओलांडायचा. त्यांनी पाऊल उचललं, तर धोंडूआजानं काठी आडवी धरली. त्याचे डोळे अधू झाले होते, बाईंकडं नीट रोखून बघायला त्याला वेळ लागला. सगळा गाव वळून बघत होता.

“साळा इली?” त्यानं विचारलं.

मथुराबाईंनी टोल छातीशी धरला. डोळ्यांतून पाणी गळत राहिलं. आनंदीनं त्यांना कोपरानं ढोसलं.

“इली, आजोबा,” बाई म्हणाल्या. “सगळी इली.”

धोंडूआजानं काठी बाजूला घेतली आणि पुढच्या घराला हाक मारली.